हातचा एक ठेवायचा कुठे?

इयरफोन नीट लावा, आणि जमत असेल तर मिनिटभर डोळे मिटा. गाडी चालवत असाल तर अर्थातच नको. बसमध्ये, लोकलमध्ये, घरी असाल तर मिटा.

एक बेरीज सांगतो. अठ्ठावन्न अधिक सदतीस.

आठ आणि सात पंधरा. पाच लिहिले, हातचा एक. पाच आणि तीन आठ, हातचा एक, नऊ. पंच्याण्णव. सोपं होतं. आता जरा मोठी बेरीज. चार हजार सातशे एकोणनव्वद अधिक दोन हजार सहाशे चौतीस अधिक एक हजार नऊशे सत्त्याऐंशी. डोळे उघडायचे नाहीत, कागद नाही, मोबाईलचा कॅल्क्युलेटर नाही. करा.

बहुतेकांचं शतकस्थानाच्या आसपास बिनसलं असेल. हातचा किती होता तेच विसरलं असेल. याचा तुमच्या हुशारीशी काही संबंध नाही. तुमच्याकडे फक्त हातचा ठेवायला जागा नव्हती.

आजचा एपिसोड या जागेबद्दल आहे. दृष्टिहीन मुलांच्या गणिताचा इतिहास सांगताना लोक साधारणपणे ब्रेल लिपीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. लिपी मिळाली, पुस्तकं वाचता आली, प्रश्न सुटला! पण गणित वाचून येत नाही, करून येतं. आणि करायला रफ वही लागते. दृष्टिहीन मुलांच्या गणिताचा इतिहास मला तरी या रफ वहीच्या शोधाचा इतिहास वाटतो. तो शोध अजून पुरा झालेला नाही, म्हणून हा विषय घेतला.

न्यूटनच्या खुर्चीवर बसलेला माणूस

सुरुवात ब्रेलच्याही आधीपासून करू. इंग्लंडमधलं यॉर्कशायर, साल १६८२. निकोलस साँडरसन नावाचा मुलगा जन्मला. वर्षभराचा असताना देवी आल्या आणि दृष्टी गेली. हाच मुलगा १७११ मध्ये केंब्रिजमध्ये गणिताचा ल्युकेशियन प्राध्यापक झाला. म्हणजे ज्या पदावर आधी न्यूटन होता, ते पद. आणि तो शिकवायचा काय, तर इतर विषयांबरोबर प्रकाशशास्त्रसुद्धा!

लुई ब्रेलचा जन्म व्हायला तेव्हा अजून जवळजवळ शंभर वर्षं होती. मग हा माणूस आकडेमोड कशी करायचा? त्यानं स्वतःसाठी एक पाटी केली होती. पाटीवर छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनात नऊ भोकं: एक मध्ये, आठ कडेनं. टाचण्या दोन प्रकारच्या, मोठ्या डोक्याची आणि लहान डोक्याची. मध्ये नुसती मोठी टाचणी म्हणजे शून्य. मध्ये नुसती लहान म्हणजे एक. मध्ये मोठी आणि कडेच्या आठांपैकी एका भोकात लहान, म्हणजे दोन ते नऊ. कोणत्या कडेला, त्यावरून कोणता आकडा ते कळायचं. टाचण्यांना दोरा गुंडाळून तो भूमितीच्या आकृत्याही करायचा.

१७३९ मध्ये साँडरसन वारला. पुढच्या वर्षी त्याचं बीजगणिताचं पुस्तक निघालं, त्यात या पाटीचं वर्णन आहे. हे वर्णन वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या पाटीवर वाचायला काहीच नाही. ना पुस्तक, ना धडा. ही शंभर टक्के रफ वही आहे. आकडा मांडा, बोटांनी चाचपा, टाचणी काढा, दुसरीकडे लावा. ज्याला गणित करायचं होतं, त्यानं आधी हातचा ठेवायची जागा तयार केली.

वाचता येतं, पण लिहिता?

आता पॅरिसला जाऊ. तिथे व्हॅलेंटीन हाउई यांनी १७८५ मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. त्या शाळेत पुस्तकं होती. जाड कागदावर उठावाची मोठी मोठी रोमन अक्षरं. मुलं बोट फिरवून ती वाचायची, सावकाश का होईना. पण तशी अक्षरं मुलांना स्वतःला लिहिता येत नव्हती. म्हणजे ज्ञान यायचं एकाच दिशेनं, पुस्तकाकडून मुलाकडे.

याच शाळेत लुई ब्रेल शिकला. जन्म १८०९. वडिलांच्या चामड्याच्या कामाच्या दुकानात आरीसारखं हत्यार डोळ्याला लागलं आणि हळूहळू दोन्ही डोळे गेले. शार्ल बार्बिए नावाच्या माणसानं बारा ठिपक्यांची एक लेखनपद्धत काढली होती. ब्रेलनं त्यावर काम करून ती सहा ठिपक्यांवर आणली आणि १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. सहा ठिपके एका बोटाखाली मावतात. आणि मुख्य म्हणजे ते मुलाला स्वतः टोचता येतात. पाटी, कागद आणि टोच्या, झालं काम. आता ज्ञान दोन्ही दिशांना जाऊ लागलं.

मग गणिताचंही भलं झालं असेल ना? इथेच गंमत आहे.

ब्रेल पाटीवर लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूनं टोचावं लागतं. ठिपके उठतात पुढच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावं तसं उलटं. कागद काढायचा, पलटायचा, मग डावीकडून उजवीकडे वाचायचं. पत्र लिहायला, निबंध लिहायला हे उत्तम. सवय झाली की हात वाऱ्यासारखा चालतो.

पण आपली मघाची बेरीज या पद्धतीनं करून बघा. अठ्ठावन्न टोचले, खाली सदतीस टोचले. आता एकक स्थानी काय आहे ते बघायला कागद काढा. पलटा. वाचा. आठ आणि सात पंधरा. कागद पुन्हा लावा, बरोबर त्याच ओळीत, त्याच घरात. पाच टोचा. पुन्हा काढा. आणि या सगळ्या काढघालीत हातचा एक ठेवायचा कुठे?

आपल्या मराठीत त्याला हातचा म्हणतात, कारण तो बोटांवर धरायचा. पण जे मूल बोटांनी वाचतं, त्याचे हात आधीच कामात आहेत. त्यानं हातचा कुठल्या हातावर धरायचा?

खुंट्यांची पाटी

याचं उत्तर १९व्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कच्या विल्यम टेलर या धर्मगुरूनं दिलं. त्याच्या नावाची टेलर फ्रेम आपल्याकडच्या अंधशाळांमध्ये आजही वापरतात. पाटीवर ओळीनं आठ कोनांची भोकं असतात. भोकात बसणारी धातूची चौकोनी खुंटी, तिला टाइप म्हणतात. खुंटीच्या एका टोकाला एक उभार कड, दुसऱ्या टोकाला दोन टोकदार बिंदू. खुंटी आठ दिशांना फिरवून बसवता येते. कड कुठे वळली आहे त्यावरून एक ते आठ. खुंटी उलटी केली की आणखी आठ खुणा: नऊ, शून्य, अधिक, उणे वगैरे. एकच खुंटी, सोळा खुणा. साँडरसनच्या पाटीची कल्पनाच म्हणा, पण टाचण्या टोचण्याचा खटाटोप नाही.

मी एका अंधशाळेत पाचवीच्या वर्गात बसलो होतो. एक मुलगी भागाकार करत होती. डावा हात आकड्यांवर, उजवा हात खुंट्यांच्या खणात. खुंटी उचलायची, बोटात फिरवून टोक ओळखायचं, भोकात टाकायची. टक, टक, टक. मी कुतूहलानं पाटी जरा माझ्याकडे ओढायला गेलो, तर ती म्हणाली, "दादा, हात नका लावू, हातचा पडेल माझा!"

तिच्यासाठी हातचा ही खरोखरची वस्तू होती. धातूची, पडू शकेल अशी. तिनं ती वरच्या ओळीत एका भोकात ठेवली होती.

म्हणजे रफ वही मिळाली. पण या वहीत एक उणीव आहे. गणित झालं की खुंट्या काढायच्या, पाटी रिकामी करायची, दुसरं गणित मांडायचं. पहिलं गेलं. संध्याकाळी घरी दाखवायला काही नाही. महिनाभरापूर्वी मी कुठे चुकत होतो ते बघायला मागची पानं नाहीत. बाईंनी तपासायचं तर त्याच क्षणी, मुलाच्या शेजारी उभं राहून. चाळीस वर्षांच्या माणसालाही आपली शाळेतली गणिताची वही सापडली की गंमत वाटते. खुंट्यांच्या पाटीवर शिकलेल्या मुलाकडे तशी वही नसते.

थोडक्यात, ब्रेल कागदावर लिहिलेलं टिकतं, पण हलवता येत नाही. पाटीवरचं हलवता येतं, पण टिकत नाही. रफ वहीला दोन्ही लागतं.

यावर दोन तोडगे विसाव्या शतकात अमेरिकेत निघाले. १९५१ मध्ये पर्किन्स ब्रेलर हे यंत्र बाजारात आलं. सहा ठिपक्यांच्या सहा कळा, ठिपके वरच्या बाजूनं उठतात, त्यामुळे लिहिता लिहिता वाचता येतं आणि आकड्याखाली आकडाही मांडता येतो. १९६२ च्या सुमारास टिम क्रॅनमर यांनी जपानी मणीपाटीत बदल केला. मण्यांच्या मागे फेल्टचं कापड लावलं, म्हणजे बोट फिरवताना मणी आपोआप सरकत नाहीत. बदल एवढासाच, पण त्यानं हातचा जागच्या जागी राहायला लागला.

चार ब की बेचाळीस?

आता बीजगणिताकडे येऊ. इथे नवी अडचण आहे, आणि ती मराठीतून फार छान समजते.

ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळ्या खुणा नाहीत. पहिली दहा अक्षरंच आकडे म्हणून वापरतात. आधी अंकचिन्ह द्यायचं, मग पुढचं अक्षर आकडा समजायचं. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, त्यात आपली अक्षरं उच्चाराच्या जवळच्या रोमन अक्षरांच्या खुणांवर बसवली. म्हणून मराठी ब्रेलमध्ये एक ते पाच म्हणजे ओळीनं अ, ब, च, द, ए.

आता लिहा: चार ब. म्हणजे चार गुणिले ब. अंकचिन्ह, मग द, मग ब. बोटाला काय लागलं? बेचाळीस! मध्ये आणखी एक खूण टाकून सांगावं लागतं की बाबा, आता आकडा संपला, अक्षर सुरू झालं. एका ओळीत असं सहा-सात वेळा आलं की ओळ खुणांनीच भरते. आणि सहा ठिपक्यांतून खुणा होतात एकूण ६३. त्यातच अक्षरं, आकडे, कंस, घात, मूळ, ग्रीक अक्षरं सगळं बसवायचं.

या गुंत्याशी भिडलेला माणूस म्हणजे एब्रहॅम नेमेथ. जन्म १९१८, न्यूयॉर्क, जन्मापासून अंध. गणिताची प्रचंड ओढ. पण सल्लागारांनी सांगितलं, आंधळ्या माणसाचं गणितात काही होणार नाही, दुसरं काहीतरी घे. म्हणून मानसशास्त्र घेतलं. कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळवली. आणि नोकरी? त्या विषयातली मिळेना. तेव्हा त्याच्या बायकोनं, फ्लोरेन्सनं त्याला विचारलं की बेकारच राहायचं असेल तर बेकार मानसशास्त्रज्ञ राहण्यापेक्षा बेकार गणितज्ञ का होत नाहीस? एवढं व्यावहारिक करिअर कौन्सेलिंग मी आजवर ऐकलेलं नाही.

नेमेथ पुन्हा गणिताकडे वळला. महायुद्धानंतर कॉलेजमध्ये परतलेल्या सैनिकांना तो फळ्यावर गणितं शिकवायचा. साधी डोळसांची अक्षरं त्याला लिहिता यायची. त्यातूनच पुढे शिकवण्याचं काम मिळालं. १९५५ पासून डेट्रॉईट विद्यापीठात त्यानं तीस वर्षं शिकवलं.

त्या काळी गणितासाठी इंग्लंडमधलं टेलर कोड वापरलं जायचं. हे टेलर वेगळे बरं का. हेन्री टेलर, केंब्रिजचे गणितज्ञ, ज्यांची दृष्टी उतारवयात गेली. खुंट्यांवाले वेगळे. नेमेथला ते कोड वरच्या गणिताला पुरेना. मग त्यानं स्वतःच्या नोट्ससाठी आपल्या पुरतं एक कोड केलं. अंध वैज्ञानिक असलेल्या एका सहकाऱ्यानं त्याच्याकडे गणिताची कोष्टकं मागितली, तेव्हा या खासगी कोडचा बोभाटा झाला. १९५२ मध्ये नेमेथ कोडला अधिकृत मान्यता मिळाली. नंतर त्यात सुधारणा होत गेल्या, १९७२ ची आवृत्ती प्रमाण ठरली.

त्याची युक्ती काय? त्यानं आकडे एक पायरी खाली उतरवले. सहा ठिपक्यांच्या घरात अक्षरं वरच्या भागात बसतात. नेमेथनं त्याच आकारांचे आकडे खालच्या भागात ठेवले. आता चार खाली, ब वर. बोटाला लगेच फरक कळतो. मध्ये वेगळी खूण नको. आणि उभ्या मांडणीच्या बेरजेत त्यानं अंकचिन्हसुद्धा काढून टाकलं, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक सरळ येतात. खाली ठिपक्यांची आडवी रेघ. अगदी आपल्या वहीतल्यासारखं.

नेमेथनं हे कोड समित्यांच्या टेबलावर बसून केलं नाही. रोजची गणितं सोडवताना केलं. मला यात साँडरसन आठवतो. दोघांनीही स्वतःच्या रफ वहीसाठी केलेली सोय पुढे इतरांना उपयोगी पडली. आज अमेरिकेतल्या नव्या एकत्रित इंग्रजी ब्रेलबरोबरही नेमेथ कोड टिकून आहे. आपल्याकडेही मुलं ते शिकतात.

शेपटी वर, शेपटी खाली

तुम्ही म्हणाल, आता मोबाईल बोलतो की! ठिपके कशाला हवेत?

रशियात लेव्ह पोंत्र्यागिन नावाचा मुलगा होता. चौदाव्या वर्षी स्टोव्हचा भडका उडून त्याची दृष्टी गेली. त्याची आई शिवणकाम करायची, वरचं गणित शिकलेली नव्हती. तिनं त्याला गणिताची पुस्तकं वाचून दाखवली. चिन्हांची नावं माहीत नसल्यामुळे ती आकारावरून नावं द्यायची. संचांच्या संयोगाचं चिन्ह म्हणजे शेपट्या वर, छेदाचं म्हणजे शेपट्या खाली. पोंत्र्यागिन पुढे विसाव्या शतकातला मोठा गणितज्ञ झाला. तेव्हा ऐकून गणित होतं, यात वाद नाही. पण त्याच्या आईचं आणि त्याचं ठरलेलं होतं की कोणता आवाज म्हणजे कोणती खूण.

हे ठरलेलं नसेल तर काय होतं? ऐका. "एक भागिले एक्स अधिक एक." एक्सची किंमत एक धरा. उत्तर किती? कोणी म्हणेल अर्धा, कोणी म्हणेल दोन. दोघंही बरोबर! अपूर्णांक कुठे संपला ते मी सांगितलंच नाही. नेमेथनं यासाठीही पद्धत बसवली, बोलायच्या गणिताची: अपूर्णांक सुरू, छेद, अपूर्णांक समाप्त. ब्रेलमधल्या खुणांसारख्याच या आवाजातल्या खुणा.

आपल्याकडे परीक्षेत अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक लिहितो. वर्षभर ज्या मुलानं गणित कागदावर मांडलेलंच नाही, फक्त ऐकलं, त्यानं पाच पायऱ्यांचं समीकरण तोंडी कसं मांडायचं? मग सगळ्यांना सोपी वाटणारी वाट निघते: गणित सोडून दे, सवलतीचा दुसरा विषय घे. सवलत हवी त्याला मिळायलाच पाहिजे. पण दहावीला गणित सुटलं की सायन्स सुटतं, इंजिनिअरिंग सुटतं, कितीतरी नोकऱ्या सुटतात. सतराशेच्या शतकात जो विषय एका अंध माणसानं केंब्रिजमध्ये शिकवला, तो आज सरावाची साधनं नाहीत म्हणून पंधराव्या वर्षी सोडावा लागणं, हे मला पटत नाही.

पुस्तक आलं, सरावाची पानं?

भारतातली पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलर्ड यांनी शाळा काढली, तीच आज दादरची मुलींची अंधशाळा. म्हणजे आपल्याकडेही सव्वाशे वर्षं झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि इतर शिक्षणसाहित्य मोफत देण्याचं कलम आहे.

पण मला भेटलेले शिक्षक एकच गोष्ट सांगतात. ब्रेल पाठ्यपुस्तक मिळतं, सरावाला काही मिळत नाही. डोळस मुलाला दुकानात गाईड मिळतं, व्यवसायमाला मिळते, व्हॉट्सअपवर पन्नास पीडीएफ येतात. अंध मुलाला पुस्तकातल्या स्वाध्यायातली सहा गणितं. ती झाली की संपलं.

आणि पहिली-दुसरीच्या मुलाचं सरावाचं पान म्हणजे छापील पानाचं नुसतं ब्रेल रूपांतर नव्हे. "चित्रातले आंबे मोजा" ब्रेलमध्ये येत नाही; तिथे चिंचोके द्यावे लागतात. एका पानावर गणितं थोडी हवीत, मध्ये मोकळी जागा भरपूर हवी, नाहीतर बोट हरवतं. प्रत्येक गणिताखाली रिकाम्या ओळी हव्यात, म्हणजे तेच पान पुन्हा ब्रेलरमध्ये घालून मुलाला उत्तर तिथेच लिहिता येईल. मग ते पान फाईलला लागतं, घरी जातं, आईबाबांना दाखवता येतं. टिकतंही, आणि त्यावर कामही होतं.

हे करायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो गणित आणि ब्रेल दोन्ही जाणणारा माणूस, आणि त्याचा वेळ.

तुम्ही-आम्ही काय करू शकतो, ते सांगून थांबतो. तुमच्यापैकी बरेच जण नोट्स बनवून शेअर करता. गणिताचा फोटो टाकू नका, टाइप करा. फोटोतलं समीकरण स्क्रीन रीडरला नुसतं चित्र वाटतं. कोणासाठी पुस्तक रेकॉर्ड करत असाल, तर कंस सुरू, कंस पूर्ण, अपूर्णांक सुरू, अपूर्णांक समाप्त हे दर वेळी म्हणा. कंटाळा येईल, तरी म्हणा. लेखनिक म्हणून जाणार असाल, तर परीक्षेच्या आधी त्या विद्यार्थ्याबरोबर तासभर बसा आणि कोणत्या चिन्हाला काय म्हणायचं ते ठरवून घ्या. आणि जवळच्या अंधशाळेत गणिताच्या शिक्षकांना जाऊन विचारा की सरावाची पानं हवीत का, कोणत्या इयत्तेची, कोणत्या धड्याची. आधी विचारा, मग करायला घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. एपिसोड आवडला तर ज्याला गणिताची भीती वाटते त्याला पाठवा, आणि ज्याला वाटत नाही त्याला तर नक्कीच. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!